रुप्याच्या नाण्याची साक्ष

पावसाळ्याच्या तोंडाशी बांधीचा धुरा नीट करताना, विहीर खोल नेताना, नाहीतर पडक्या घराची जोती उकरताना कुदळ एखाद्या गाडग्यावर आदळते. गाडगे फुटते आणि आतून काळपट, हिरवट चकत्या घरंगळतात. मग पुढे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. दोनचार माणसे चूप बसायचे ठरवतात. चकत्यांची वाटणी होते. रात्री एकजण चिंच लावून घासतो, दुसरा राख लावून घासतो. पांढरे रुपे चमकले की आठवडी बाजाराच्या दिवशी माल सोनाराकडे जातो. सोनार वजन करतो, पैसे मोजतो आणि संध्याकाळपर्यंत त्या नाण्यांची लगड झालेली असते.

कास्तकार बंधूंनो, भगिनींनो आणि शाळेतल्या गुरुजनहो, या व्यवहारात कोणाचे किती नुकसान झाले, याचा हिशेब आज आपण करणार आहोत. रुप्याचा दाम मिळाला, मग नुकसान कसले, असे तुम्ही म्हणाल. पण नाणे म्हणजे नुसते रुपे नव्हे. नाणे हा साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराला न्यायालयात पहिला प्रश्न काय विचारतात? तू त्या वेळी कुठे होतास, आणि तुझ्याबरोबर कोण कोण होते? नाण्यालाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. त्यांची उत्तरे पुसली गेली, तर साक्षीदार जिवंत असूनही मुका होतो.

ही गोष्ट नीट कळावी म्हणून आधी थोडे दूर जाऊ या. इंग्लंडमध्ये १०६६ साली मोठी उलथापालथ झाली. हॅरॉल्ड नावाचा राजा जेमतेम नऊ महिने गादीवर होता. समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम फौज घेऊन आला, ऑक्टोबरात हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरॉल्ड पडला आणि विल्यम राजा झाला. त्या काळी तेथे चलन म्हणजे मुख्यतः एकच नाणे, रुप्याची पेनी. दोनशेचाळीस पेनींचा एक पौंड. पेनी वजनाला दीड ग्रॅमच्या आतच. आपल्या आज्यापणज्यांनी वापरलेली रुप्याची दुअन्नी आठवा, जवळपास तेवढीच.

या पेनीची एक खुबी आहे. एका बाजूला राजाचे तोंड आणि नाव. दुसऱ्या बाजूला ते नाणे पाडणाऱ्या टांकसाळवाल्याचे नाव आणि त्याच्या गावाचे नाव. नाण्यात खोट निघाली तर कोणाला धरायचे, हे नाण्यावरच लिहिलेले! आणि धरीतही असत. विल्यमचा मुलगा पहिला हेन्री याच्या कारकिर्दीत नाणी फार हिणकस झाली, तेव्हा ११२४ च्या नाताळात टांकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडल्याची नोंद तिकडच्या बखरीत आहे. शिक्षा अमानुष खरी. पण चलनावरचा लोकांचा विश्वास उडाला म्हणजे राज्य किती घाबरते, ते यातून दिसते.

आता या पेनींनी काय साक्ष दिली पाहा. विल्यमने सरदार बदलले, जमिनी आपल्या माणसांना वाटल्या, ठिकठिकाणी किल्ले उभे केले. पण टांकसाळीला त्याने धक्का लावला नाही. हॅरॉल्डच्या नाण्यांवर ज्या टांकसाळवाल्यांची नावे आहेत, त्यांतली कित्येक विल्यमच्याही नाण्यांवर सापडतात. धनी बदलला, कारकून तेच राहिले. आपल्याकडे राज्य पालटले तरी गावचे पाटील, पांडे दप्तर सांभाळून बसलेलेच असत, तसे.

हे कळले कशावरून? जमिनीत एकत्र पुरलेल्या साठ्यांवरून. १८३३ साली हँपशायर परगण्यात बोवर्थ या खेड्यात शिशाच्या पेटीत हजारो पेनी सापडल्या. बऱ्याच नाण्यांना गावकऱ्यांनी वाटा फोडल्या, तरीही हजारो नाणी अभ्यासकांच्या हाती लागली. त्यांतली बहुतेक एकाच छापाची. त्या छापावर लॅटिन भाषेत 'शांती' असा शब्द आहे. तलवारीने राज्य घेणारा राजा नाण्यावर शांती लिहितो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. नॉर्मन नाणी जमवणाऱ्या हौशी माणसाला आजही सर्वांत सहज मिळते ती हीच पेनी, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे बोवर्थचा तो साठा.

अलीकडची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, च्यू नदीच्या खोऱ्यात, धातुशोधक यंत्रे घेऊन शेतात फिरणाऱ्या सात जणांना २,५८४ रुप्याची नाणी सापडली. त्यांत सुमारे निम्मी हॅरॉल्डची आणि निम्मी विल्यमची. त्यांतच काही विचित्र नाणी निघाली. एका बाजूला नवा राजा, तर दुसरी बाजू जुन्या राजाच्या छापाची! नवा छाप घ्यायचा तर टांकसाळवाल्याला सरकारात पैसा भरावा लागे. कोणीतरी तो वाचवला आणि अर्धे काम जुन्या छापावर भागवले. साडेनऊशे वर्षांमागची करचुकवेगिरी अशी उघडी पडली. सापडणाऱ्यांनी ही नाणी रीतसर सरकारात कळवली. २०२४ साली तेथील वस्तुसंग्रहालयांच्या न्यासाने ती ४३ लाख पौंडांना घेतली. ही रक्कम सापडणारे आणि जमिनीचा मालक यांनी वाटून घ्यायची, असा तिकडचा रिवाज.

तुम्ही म्हणाल, हे सारे विलायतेचे. आपल्या मातीत असे काय आहे? आहे, आणि त्याहून हजार वर्षे जुने आहे.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी म्हणून गाव आहे. तेथे १९०६ साली रुप्याच्या नाण्यांचा साठा निघाला. नाणी किती? तेरा हजार दोनशे पन्नासांहून अधिक! सगळी नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि राजाचे नाव ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. पण खरी गंमत पुढे आहे. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर दुसराच छाप मारलेला निघाला. नहपानाच्या तोंडावरच डोंगराचे चिन्ह ठोकलेले आणि भोवती नाव गौतमीपुत्र सातकर्णीचे.

नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौमती नव्हे, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असे ती त्यात सांगते. नहपान हा क्षहरातच. आता आई आपल्या मुलाचे कौतुक करणारच. इतिहासकाराने त्यावर किती भरवसा ठेवावा? जोगळटेंभीच्या नाण्यांनी त्या माउलीच्या शब्दाला पुरावा दिला. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाचे चलन गोळा केले आणि त्यावर आपला शिक्का उठवला. उरलेली चारेक हजार नाणी तशीच कोरी राहिली होती. अशी दोन्ही प्रकारची नाणी एकत्र सापडली, म्हणून हा बदल होत असतानाचा काळच जणू आपल्या हाती आला.

समजा, त्यातले एकच नाणे कोणाच्या तरी पेटीत राहिले असते आणि बाकीची आटवली गेली असती. तर एका नाण्यावर दोन छाप कसे, एवढेच कोडे उरले असते. हजारोंनी मिळाली, म्हणून त्यातून राजनीती दिसली. साठा फुटला की नाण्यांची संख्या घटते, आणि त्याबरोबर त्यांचे बोलणेही तुटते.

क्षत्रपांच्या नाण्यांचा आणखी एक गुण आहे. पुढच्या क्षत्रप राजांनी नाण्यावर आपल्या नावाबरोबर बापाचे नाव घातले आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून वर्षही घालायला सुरुवात केली. ते वर्ष कोणते, ठाऊक आहे? शकाचे. आपल्या पंचांगात जो शक छापतात, तोच. त्यामुळे कोणामागून कोण गादीवर आला, हे या नाण्यांवरून जवळजवळ वर्षावर्षाने लावता येते. दुसरीकडे ज्या राजांनी नाण्यावर सन घातला नाही, त्यांच्यासाठी विद्वान अजून भांडत आहेत.

आणि या क्षत्रपांचा आपल्या भंडारा जिल्ह्याशी संबंध आहे बरे का! वैनगंगेच्या काठच्या पवनीला एक शिलास्तंभ सापडला. त्यावर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म असे नाव कोरलेले आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. त्याच पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी हे त्याचे धुरीण होते. जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर टेकडी येथे मोठे बौद्ध स्तूप उघडे झाले. त्यांबरोबर लेख मिळाले, नाणीही मिळाली. धानाच्या बांध्यांमधले हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटलेले नगर होते, याची साक्ष त्या मातीने दिली.

मिराशींनी नाण्यांवरून काय काढले, त्याचे आपल्या विदर्भातलेच एक उदाहरण सांगतो. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळे गावी सातवाहनांच्या दीड हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी रुप्याची नव्हती, मिश्र धातूची होती. सोनाराच्या दृष्टीने किंमत थोडीच. पण त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारख्या राजांची नावे वाचली गेली. पुराणांतल्या याद्यांत ही नावे नाहीत. जे राजे काळाने पार पुसून टाकले होते, ते एका गाडग्यामुळे परत आले.

राज्य पालटले म्हणजे नाण्याचे काय होते, याचे दोन नमुने आपण पाहिले. विल्यमने कारागीर तेच ठेवून चेहरा बदलला. गौतमीपुत्राने शत्रूच्या चेहऱ्यावरच ठसा मारला. तिसरा नमुना आपल्या नागपूरकर भोसल्यांचा. अठराव्या शतकात भोसल्यांचे राज्य पार ओरिसापर्यंत गेले. नागपुरात त्यांची टांकसाळ होती. पण त्यांचा रुपया पाहाल तर त्यावर फारसी अक्षरे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे! सत्ता भोसल्यांची, पण चलनावरचे जुने नाव त्यांनी ठेवले. लोकांचा आणि सावकारांचा त्या नावावर विश्वास बसलेला होता. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि पुढे जुन्या रुपयांच्या जागी कंपनीचा आणि मग राणीचा रुपया चालू झाला. हा १८३५ पासूनचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा भरे. म्हणून तर खेड्यापाड्यांत रुपया हाच तोळ्याचे माप म्हणून तराजूत टाकीत.

नाणी जमवायची हौस असेल, तर सुरुवात अशा घरच्या नाण्यांपासून करावी. देव्हाऱ्यातल्या डबीत, आजीच्या हमेलीत, लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपये असतात. १८६२ पासूनच्या रुपयावर राणी, १८७७ पासून तीच 'सम्राज्ञी' म्हणून. १९४० नंतरच्या रुपयात रुपे निम्म्यावर आले आणि १९४७ चा रुपया तर निकलचा. दुसऱ्या महायुद्धाने रुपे कसे गिळले, हे पाठ्यपुस्तकापेक्षा दोन रुपये शेजारी ठेवून अधिक चांगले समजते.

गुरुजी, एक उपक्रम सुचवतो. मुलांना घरचे जुने नाणे पाहून यायला सांगा. नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने हलके घासले की दोन्ही बाजूंचा ठसा कागदावर उमटतो. तो ठसा वहीत चिकटवायचा. शेजारी लिहायचे : वजन किती, अक्षरे कोणती, सन कोणता, आणि हे नाणे घरात कोणाकडून, कोठून आले. नाणे घरीच राहील, शाळेत फक्त त्याची माहिती येईल. वर्षभरात गावाचा छोटा इतिहास जमेल. सहल काढायची तर पवनीच्या टेकड्या आहेत; नागपूरला १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो; आणि दूर जाण्याची तयारी असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था आहे.

आता जमिनीत सापडलेल्या नाण्यांविषयी. चार गोष्टी ध्यानात ठेवा. घासू नका, चिंच आणि राख मळाबरोबर अक्षरेही नेतात. भोक पाडू नका, आणि डाग देऊन दागिन्यात बसवू नका. वाटणी करू नका. गाडग्याची खापरे फेकू नका. त्यांवरूनही काळ ठरतो. कोणत्या शेतात, किती खोल, कोणत्या दिवशी, नग किती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडले, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. काय सापडले, अंदाजे किती, कोठे आणि कधी, हे त्यात लिहायचे. म्हणजे आपण साक्षीदाराला जे विचारतो, तेच कायदाही विचारतो. चौकशीत खरा मालक कोणी निघाला नाही, तर ते धन सापडणाऱ्याचे. जमीन दुसऱ्याची असेल आणि वेगळा करार नसेल, तर बारा आणे सापडणाऱ्याचे आणि चार आणे जमीनमालकाचे. सरकारला ते संग्रहासाठी हवे असेल, तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश इतकी रक्कम द्यावी लागते. सरकार सगळे फुकट नेते, ही समजूत बरोबर नाही. उलट लपवले, तर आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

एक पंचमांश ही रक्कम मोठी नाही, हे खरे आहे. शहरातला शौकीन त्याहून पुष्कळ अधिक देईल. च्यू खोऱ्यातल्या माणसांना बाजारभावाने मोबदला मिळतो आणि आपल्या कास्तकाराला धातूच्या भावावर थोडे, हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. जुना कायदा सुधारावा, असे म्हणायला जागा आहे. पण तोपर्यंत साठा सोनाराच्या मुशीत घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मुशीत गेलेल्या नाण्याला उद्याचा चांगला कायदाही परत आणू शकणार नाही.

आणखी एक इशारा. सापडणे वेगळे आणि गुप्तधनाच्या मागे लागणे वेगळे. अमावास्येला पूजा मांडून धन दाखवतो म्हणणारे भोंदू गावोगाव फिरतात. त्यांच्या नादाने घरे बुडाली आहेत, जीवही गेले आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा आहे. संरक्षित टेकड्या उकरणे हाही गुन्हाच. शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. आणि विकत घेणाऱ्या हौशी मंडळींनो, नाणे कुठून आले हे विकणारा सांगत नसेल, तर ते नाणे चोरीचे असेल किंवा नकली असेल, असे समजून हात मागे घ्यावा.

आपल्या जिल्ह्यात लिहिलेला इतिहास थोडा आहे. बखरी थोड्या, ताम्रपट थोडे. बराचसा इतिहास वैनगंगेच्या गाळात, बांध्यांच्या धुऱ्यांखाली आणि जुन्या जोत्यांत आहे. तो उकरून काढायला विद्यापीठाची मंडळी रोज येणार नाहीत. कुदळ रोज तुमच्याच हातात असते. म्हणून पुढच्या वेळी गाडगे फुटले, तर सोनाराकडे जाण्याआधी शाळेतल्या गुरुजींना बोलवा. गुरुजी, तुम्ही कागद घ्या, चकत्या मोजा, जागा लिहा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज तयार करा. शेतकऱ्याचा अंगठा किंवा सही त्याखाली घ्या. गावात एवढे काम करायला एक तास पुरतो.